अभ्यासपूर्ण लेखन कसं ओळखायचं? रिद्धपूरचं उदाहरण

'असं म्हणतात' हे फॉरवर्डमध्ये खपतं. अभ्यासपूर्ण लेखनात 'कोण म्हणतं?' हे सांगावं लागतं.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला 'लीळाचरित्र' रचलं. ग्रंथ भक्तीचा, पण शिस्त अभ्यासकाची. चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांकडून त्यांनी आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. पुढच्या पोथ्यांत वेगळी आठवण 'वासना' म्हणून नोंदवली गेली.

आजही खुणा याच:

• आधार: माहितीचा स्रोत दिलेला असतो.
• मतभेद: वेगळं मत लपवलेलं नसतं.
• भाषा: 'शंभर टक्के'ऐवजी 'पुराव्यावरून दिसतं'.

आणि जड शब्द म्हणजे अभ्यास नव्हे. सामान्यांना कळावं म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला होता. मराठी भाषा विद्यापीठही आज रिद्धपूरलाच आहे.