बाळाचे रडणे आणि घड्याळाचे राज्य

तान्हे बाळ रडू लागले की आईने त्याला उचलून छातीशी धरावे, यात शिकविण्यासारखे ते काय, असे आपल्याकडची कोणतीही आजी विचारील. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील सुशिक्षित मातांना नेमके हेच करू नका, असे शास्त्राच्या नावाने बजावले जात होते. आणि ती शिकवण मोडून काढण्यास ज्या सात स्त्रिया पुढे सरसावल्या, त्या सातही जणी कॅथलिक गृहिणी होत्या.

न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांचे मातांसाठी लिहिलेले पुस्तक १८९४ साली निघाले. प्रश्न आणि उत्तर अशी त्याची मांडणी होती व लेखकाने त्याला 'कॅटेकिझम' असेच म्हटले होते. दुर्दैव असे की अनेक घरांत ते त्याच श्रद्धेने पाळले गेले! दूध ठरल्या वेळीच द्यावे, रडण्याने फुप्फुसांना व्यायाम होतो, झोके देण्याची मुळीच गरज नाही, आणि सवयीने रडणारे बाळ तासभर, प्रसंगी दोन-तीन तास रडले तरी त्याला रडू द्यावे, असा त्यातील उपदेश. पुढे १९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने तर मुलांना मांडीवर घेऊ नका, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करा, असे लिहून कळस केला.

या उपदेशाने दुहेरी नुकसान झाले. बाळ जितके चोखते तितके दूध अधिक तयार होते, ही शरीराची रीत आहे. घड्याळ पाहून पाजणाऱ्या आईचे दूध त्यामुळे आटू लागे, अर्धपोटी बाळ अधिकच रडे, आणि 'तुमचे दूध पुरत नाही' असे म्हणून तिच्या हाती बाटली दिली जाई. दोष मात्र आईच्या अंगाला लागे.

घड्याळाची ही सत्ता केवळ पुस्तकांतूनच येत होती असे नाही. मुंबईच्या गिरणगावात ती भोंग्याच्या रूपाने आली. भोंगा होताच आईने घर सोडायचे आणि बाळ दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' द्यायची, ही तिथली रीत होती. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२१-२२ मध्ये गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदविले. या मातांना निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. छातीशी धरण्याचा उपाय त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. तो करायला त्या घरी नसत. तेथे उपदेशाचा काय उपयोग? कायदाच हवा होता, आणि मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा १९२९ साली झाला.

अमेरिकेतील गृहिणींपुढे भोंगा नव्हता, अडसर होता तो मताचा. १९५६ च्या उन्हाळ्यात शिकागोजवळील एल्महर्स्ट येथे 'ख्रिश्चन फॅमिली मूव्हमेंट' या कॅथलिक कुटुंबांच्या चळवळीची सहल होती. मेरी व्हाइट आणि मॅरियन टॉम्पसन या दोघी झाडाखाली बसून आपापल्या बाळांना पाजत होत्या. एकेक आई जवळ येऊन विचारू लागली, 'आम्हांला हे का जमले नाही?' त्या प्रश्नांतून, आणखी पाच मैत्रिणींच्या साथीने, फ्रँकलिन पार्क येथील व्हाइट यांच्या घरी ऑक्टोबर महिन्यात पहिली सभा भरली. स्तनपान हा शब्द तेव्हा चारचौघांत उच्चारणे अवघड होते. म्हणून संस्थेचे नाव फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टिन येथील दुग्धदायिनी मरियामातेच्या तीर्थस्थानावरून घेतले गेले: 'ला लेचे लीग'. स्पॅनिश भाषेत 'लेचे' म्हणजे दूध. संस्था मात्र सर्व धर्मांच्या मातांसाठी खुली राहिली.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आपल्या आजीच्या ओळखीच्याच आहेत. घड्याळाकडे नव्हे, बाळाकडे पाहावे. ते तोंड वळवू लागले, मुठी चोखू लागले की पाजावे. रडणे ही भुकेची उशिराची खूण आहे. फार चिडलेले बाळ स्तन तोंडात धरत नाही, म्हणून आधी त्याला उघड्या अंगाशी घ्यावे, खांद्यावर टाकून फेऱ्या माराव्यात, ढेकर काढावी, थोपटावे, खोलीतील उजेड मंद करावा आणि ते जरा निवले की पुन्हा छातीशी न्यावे. पोट भरलेले असतानाही बाळ केवळ धीर मिळावा म्हणून चोखते, आणि ते लाड नव्हेत. या अनुभवांची सुटी पाने १९५८ मध्ये एकत्र बांधली गेली व १९६३ मध्ये त्यांचे विस्तृत पुस्तक निघाले.

सुईच्या वेदनेवरही हा उपाय चालतो. लस टोचताना किंवा त्याच्या थोडे आधी बाळाला अंगावर पाजावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली.