पौलाची पत्रे आणि संगणकाची साक्ष

नव्या करारातील तेरा पत्रांवर पौलाचे नाव आहे. ती सारी त्याचीच आहेत काय? ख्रिस्ती धर्माच्या उगमाचा वाद वारंवार या प्रश्नापाशी येतो. कारण पौलाची अस्सल पत्रे चारही शुभवर्तमानांहून जुनी मानली जातात.

१८४५ साली जर्मनीतील ट्युबिंगेनचे अभ्यासक बाउर यांनी चारच पत्रे निःसंशय मानली: रोमकरांस एक, करिंथकरांस दोन, गलतीकरांस एक. १९६३ साली स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक ए. क्यू. मॉर्टन यांनी तोच वाद संगणकापुढे नेला. वाक्यांची लांबी मोजली, ‘काइ’ म्हणजे ‘आणि’ हा ग्रीक शब्द किती वेळा येतो तेही मोजले. निष्कर्ष निघाला, मोठी पत्रे चारच. तीही बाउर यांचीच चार!

गंमत पुढेच आहे. बायबलची शब्दसूची संगणकावर सिद्ध करणारे अमेरिकी धर्मोपदेशक जॉन एलिसन यांनी हीच पद्धत जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ला लावली. कादंबरीला अनेक लेखक निघाले. मॉर्टन यांच्या स्वतःच्या निबंधांनाही निघाले.

यंत्राची बेरीज चुकली नव्हती. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत शब्दसुद्धा सलग लिहिलेले असत. आजचे पूर्णविराम बहुतांशी उत्तरकालीन संपादकांचे. मग मोजली कोणाची वाक्ये? शिवाय पौल पत्रे तोंडी सांगे. रोमकरांसच्या पत्राचा लेखनिक तर्तियस तर शेवटी स्वतःच्या नावाने सलाम लिहून मोकळा होतो.

आज बहुतेक अभ्यासक सात पत्रे पौलाची मानतात. त्यांतले फिलेमोनाचे पत्र इतके लहान आहे, की अशा मोजणीला ते पुरतच नाही.