नांगराचे विष आणि वाचकांचे शेरे

एखाद्या नव्या यंत्राची बातमी यायचा अवकाश, तिच्यावर शेरे मारणारे तयारच असतात. बातमी पुरती वाचलेली नसते, यंत्र पाहिलेले नसते. पण ते चालणार की बुडणार, त्याने समाजाचे कल्याण होणार की सत्यानाश, याचा निकाल चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी लागलेला असतो. हा मोबाइलच्या युगाचा रोग आहे असे आमच्या पिढीतील मंडळी म्हणतात. तसे म्हणताना आपणही शेराच मारीत असतो, हे ती सोयीस्करपणे विसरतात. या रोगाचे मराठीतील वय पावणेदोनशे वर्षांहून कमी नाही, आणि त्याचे एक ठळक प्रकरण आपल्या बेळगावातच घडलेले आहे.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ, एक मराठी आणि एक इंग्रजी. या पत्राबरोबर मराठी वाचकाला एक अपूर्व गोष्ट मिळाली : जे वाचले त्यावर आपले मत लिहून पाठवायचे आणि तेही छापून यायचे. त्यापूर्वी मत देण्याची जागा म्हणजे पार, घाट किंवा देवळाचा सभामंडप. तेथे बोलणाऱ्याचे तोंड दिसत असे, त्यामुळे जीभ थोडी आवरलेली राही. छापील पत्रात तोंड झाकता येऊ लागले. ‘एक हितेच्छु’ किंवा ‘एक वाचक’ असे मोघम नाव घेतले की शेजाऱ्यालाही पत्ता लागत नसे.

टोपणनाव हे नेहमीच भित्रेपणाचे लक्षण असते, असे मात्र समजू नये. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने जी १०८ पत्रे आली, ती लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते आणि पंचविशीत होते. जुन्या विद्येला कवटाळून बसलेल्या आपल्याच जातीला त्यांनी जे सुनावले, ते नावानिशी सुनावणे त्या वयात आणि त्या काळात सोपे नव्हते. इंग्रजांच्या कलाकौशल्याचे नुसते नवल करीत बसू नका, ते शिका, हा त्यांचा आग्रह. पुढे तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. नवल करण्याची हौस त्या दिवशी मुंबईने मनसोक्त भागवून घेतली.

हाती आलेला मजकूर पडताळून न पाहता छापला तर काय होते, याचा धडाही लवकरच मिळाला. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावावर खपवलेल्या पत्रांवर विसंबून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी मजकूर छापला. पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता, कागद खोटा होता. आजकाल तोच कागद पुढे धाडणाऱ्याला १०१ सेकंदांचीही शिक्षा होत नाही. पण ते असो.

आता आपल्या गावाकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले, पण रंगांधळेपणामुळे रंगाचा नाद सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवीत असताना, हक्काची बढती गोऱ्या रक्ताचा अंश असलेल्या दुसऱ्याला मिळाली, म्हणून राजीनामा देऊन ते बेळगावला आले. येथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालवले. त्या काळी या पायगाडीची किंमत सातशे ते हजार रुपये होती, आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, हे पाहायला तेव्हा किती गर्दी जमली असेल याची कल्पना कोणालाही करता येईल.

पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र काढले, आणि मग लोखंडी नांगर. नांगर तयार होता, पण घेणारा कोणी नव्हता. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांमध्ये समज पसरला होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. ही हकीगत आपल्याकडे शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि सांगणारा ती सांगताना हसतो. मला ते हसू पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर दुरुस्त करी. लोखंडी नांगराचा फाळ बदलायचा तर रोख पैसा हवा आणि बेळगावची वाट धरायला हवी. एक हंगाम चुकला तर घर वर्षभर उपाशी. अशा माणसाने ‘आधी दुसऱ्याच्या रानात चालू दे, मग पाहू’ असे ठरवले, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार, ज्याचे पोट त्या रानावर नाही त्याला कोठून आला? विषाची भीती चुकीची होती, यात वाद नाही. सावधपणा चुकीचा नव्हता.

दुसरी गोष्ट अशी, की या शेतकऱ्याने कोणत्याही वृत्तपत्राला पत्र लिहिले नाही. नांगर न घेणे हाच त्याचा शेरा. आमच्या शहापुरात हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, तेव्हा शहापुरी साडी विणणाऱ्या हातांचे तेच झाले. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत माग बदलला, त्याचा आवाज बदलला, मजुरीचे गणित बदलले. त्यावर मते भरपूर व्यक्त झाली, पण ती बहुतेक मागावर न बसणाऱ्यांची.

किर्लोस्करांच्या कारखान्यावर शेवटी शेतकऱ्यापेक्षा कडक शेरा बसला तो नगरपालिकेचा : जागा सोडा. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. माळावर निवडुंग आणि साप. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. इंग्रजांच्या अमलातील शहराने नाकारलेला उद्योग एका संस्थानिकाने ठेवून घेतला. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते, म्हणजे बेळगावच्या वेशीला लागून दुसरे राज्य होतेच. आपल्याकडील कोणाला त्या वेळी हे सुचले नाही, याची चुटपुट मला वाटते. अर्थात हाही घडून गेल्यावर मारलेला शेरा.

किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. संपादक शं. वा. किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे आणि स्वतः चित्रकार. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्रक काही वर्षांत पुरते मासिक झाले आणि ‘किर्लोस्कर’ या नावाने घरोघर गेले. १९३० च्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरील लेख त्यात आले, तेव्हा वाचकांत मोठी खळबळ उडाली. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे छापील अक्षरांत वाचून अनेकांचा घास घशात अडकला. शंवाकिंनी लेख थांबवले नाहीत. नांगराचे विष उतरले होते, आता कागदाला विष चढले होते! याच सावरकरांनी टेलिफोनला ‘दूरध्वनी’ हा शब्द दिला. तो सरकारी कागदावर टिकला. बोलताना आम्ही आजही ‘फोन’च करतो.

आपल्या सीमाभागात पत्र लिहिण्याचे व्यसन ‘तरुण भारत’ने जोपासले, ते बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली बेळगावात सुरू केल्यापासून. १९४८ साली शहापूर संस्थानातून मुंबई राज्यात गेले, १९५६ साली बेळगावसह म्हैसूर राज्यात. दोन्ही वेळा आमचे मत कोणी विचारले नाही, तेव्हा पत्राखेरीज दुसरी जागा उरली नाही. म्हणून आमच्या पत्रलेखकांच्या वाचाळपणाला मी कितीही हसलो, तरी ते हसू अर्ध्यावरच थांबते. बेळगावात लक्ष्मणरावांच्या नावाचा किर्लोस्कर रोड आहे. गावातील पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात, यावर वाचकांची पत्रे अजून येतच आहेत.