पंचरत्नम् यांचा फेरा

ग्वाल्हेरच्या फूलबागेत मराठी माणूस राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे हात जोडतो. मी गेलो की परिसराला एक फेरीही घालतो. मंदिर, मशीद, गुरुद्वारा असे सारे तिथे शेजारीशेजारी. फेरी कुठल्याही वाटेने घाला, परत आलेल्या माणसाच्या अंगावर ती वाट लिहिलेली नसते. प्रकाशाच्या अंगावर मात्र लिहिली जाते!

हे दाखवले शिवरामकृष्णन पंचरत्नम् यांनी. सर सी. व्ही. रामन यांचे हे भाचे, जन्म १९३४चा. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत काम करताना १९५६ साली, वयाच्या २२व्या वर्षी त्यांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात लेख लिहिला. ध्रुवित प्रकाशाच्या सर्व अवस्था प्वाँकारे यांच्या गोलावर बिंदूंनी मांडता येतात. ध्रुवण त्या गोलावर फेरा घालून मूळ अवस्थेत आले, तरी लहरीच्या कलेत फरक उरतो. तो वेढलेल्या घनकोनाच्या बरोबर निम्मा असतो. आणि हा गोल कुठल्या खोलीत ठेवलेला नाही, तो केवळ गणिताचा.

लेख पडून राहिला. १९६९ साली पंचरत्नम् ऑक्सफर्डला वारले, अवघ्या पस्तिशीत. १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी पुंजयांत्रिकीत असाच फरक दाखवला, तेव्हा कुठे १९८६ साली रामशेषन व राजाराम नित्यानंद यांनी 'करंट सायन्स'मध्ये या जुन्या लेखाकडे लक्ष वेधले. (नित्यानंद पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे प्रमुख झाले.) बेरींनी १९८७ मध्ये मोकळ्या मनाने श्रेय दिले. आपल्याच घरी छापलेले आपण तीस वर्षे उघडले नाही, हे मला फार बोचते. आमच्या मुलांना रामन ठाऊक, भाचा नाही.

आता तर प्रकाशाला नव्या मिती देण्यापर्यंत मजल गेली आहे. काचतंतूच्या कड्यात फिरणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारता शिडीच्या पायऱ्यांसारख्या सारख्या अंतरावर असतात. तेवढ्याच वारंवारतेचे हेलकावे दिले की प्रकाश पायरी चढतो, उतरतो. जागा न व्यापणारी ही मिती! शेजारच्या कड्यांतील हेलकाव्यांची कला वेगळी ठेवली, तर शिडीवरून फेरा मारून आलेला प्रकाश पुन्हा कलांतर घेऊन येतो. चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉनचे होते तसेच. मग तो कडेकडेने वाहतो, वाटेतल्या दोषाला वळसा घालतो, मागे फिरत नाही. २०१९ साली इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतील संशोधकांनी तरंगवाहकांच्या रांगांमध्ये, कृत्रिम मिती वापरून, असा प्रवाह प्रयोगाने दाखवला.