गाडी दुसऱ्याची, हात आपला, विमा कोणाचा?

१/ मित्राची मोटार एका दिवसापुरती मागून घेतली आणि वाटेत अपघात झाला, तर भरपाई कोण देणार? या प्रश्नाला आज जे उत्तर मिळते, ते घडत जायला जवळपास नव्वद वर्षे लागली. त्याचा इतिहास या थ्रेडमध्ये पाहू. वाटेत एक जुना मराठी शब्द सतत सोबत ठेवावा लागेल : तिऱ्हाईत.

२/ आरंभ १९३० पासून. चिरनेरमध्ये हे वर्ष कोणाला सांगावे लागत नाही; २५ सप्टेंबर १९३० रोजी येथील जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्याच्या आठ आठवडे आधी, १ ऑगस्टला, लंडनमध्ये ‘रोड ट्रॅफिक ॲक्ट’ संमत झाला होता. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु त्या दुसऱ्या कायद्याची भाषा आज चिरनेरच्या रस्त्यावरील प्रत्येक वाहनाला लागू आहे.

३/ ब्रिटनमध्ये तेव्हा वर्षाला सात हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरत होती. जखमी पादचारी दावा जिंकला, तरी ठोकर देणाऱ्याकडे पैसा नसेल तर निकालपत्राखेरीज त्याच्या हाती काहीच पडत नसे. म्हणून १९३०च्या कायद्याने विमा सक्तीचा केला. तो मोटारवाल्याच्या सोयीसाठी नव्हता. रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी होता. ‘थर्ड पार्टी’ म्हणजे नेमका तोच.

४/ हिंदुस्थानात १९३६-३७ साली मोटार विम्याच्या प्रश्नावर समिती नेमली गेली आणि १९३९चा मोटार वाहन कायदा झाला. त्यातील विम्याचे आठवे प्रकरण मात्र १ जुलै १९४६ रोजी अमलात आले. मधली वर्षे महायुद्धाची होती. आपल्याकडील विमासक्तीचे वय तिथून मोजावे.

५/ या प्रकरणातील एक शब्दयोजना कळीची आहे. विम्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन स्वतः वापरू नये, एवढेच कायदा म्हणत नाही. दुसऱ्याला वापरू देऊ नये, असेही म्हणतो. म्हणजे गाडी उसनी देणारा मालक पहिल्या दिवसापासून कायद्याच्या नजरेसमोर होता. १९८८च्या कायद्यातील कलम १४६ हीच रचना पुढे चालवते.

६/ तरीही कंपन्यांनी एक पळवाट शोधली. जुन्या इंग्रजी न्यायतत्त्वानुसार चालक हा मालकाचा नोकर असेल किंवा मालकाच्या कामावर असेल, तरच मालक जबाबदार. मग मालकच जबाबदार नसेल, तर त्याचा विमा उतरवणारी कंपनी का असावी?

७/ याचे उत्तर गोव्यातून आलेल्या एका खटल्यात मिळाले. मालकाने मोटार दुरुस्तीला दिली होती. ती दुरुस्तीवाल्याच्या ताब्यात असताना एका स्त्रीला अपघात झाला. दुरुस्तीवाला काही मालकाचा नोकर नव्हे, असा कंपनीचा बचाव होता. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मालकाने वाहन दुसऱ्याच्या हाती सोपवले, तेव्हा त्या वापराचीही जोखीम विम्यात आली. तिऱ्हाइताला भरपाई मिळालीच पाहिजे.

८/ पुढच्याच वर्षी आपल्या परिसराचे चित्र पालटले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि १ जुलैला १९८८चा नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. उरण-पनवेलच्या रस्त्यांवर कंटेनर आणि नवा कायदा एकाच पावसाळ्यात उतरले.

९/ चालकाकडे परवानाच नसेल तर? २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर दंडक घालून दिला. परवाना नव्हता एवढ्यावरून कंपनी सुटत नाही. मालकाची बेफिकिरी तिने सिद्ध करावी लागते. ती सिद्ध झाली, तरी कंपनीने आधी तिऱ्हाइताला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायालय देऊ शकते. अशा वेळी मैत्रीखातर दिलेल्या किल्लीची किंमत मालकाला मोजावी लागते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१०/ इथवर कायदा उदार दिसतो. आता त्याची दुसरी बाजू. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेल्या एका कंपनीच्या मोटारीला अपघात झाला. गाडी व्यवस्थापक चालवत होता; सोबतचा प्रवासी दगावला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मालक कंपनीला जबाबदार धरले, पण विमा कंपनीचा वाटा १५ हजार रुपयांपुरताच ठेवला. कारण फुकट नेलेला प्रवासी सक्तीच्या विम्याच्या कक्षेत नव्हता. आजही खासगी मोटारीत बसलेल्यांना ‘पॅकेज’ पॉलिसी सामावून घेते. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी घेत नाही.

११/ आणि उसनी गाडी चालवणारा स्वतः? २००९ साली एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मागून आणलेल्या मोटारसायकलवरून जाणारा माणूस बैलगाडीला धडकून मृत्युमुखी पडला होता. न्यायालयाने तत्त्व मांडले की, वाहन मागून घेणारा त्या काळापुरता मालकाच्याच जागी उभा असतो. दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तरतुदीचा लाभ त्याच्या वारसांना त्या वाहनाच्या विम्यातून मिळत नाही. २०२०च्या निकालाने हेच तत्त्व कायम ठेवले. दुसऱ्या वाहनाचा दोष असेल, तर दावा त्या वाहनाविरुद्ध करावा, असेही सांगितले.

१२/ म्हणजे व्यवहारात आपण ज्याला परका म्हणतो, तो कायद्याच्या लेखी तिऱ्हाईत नसतो. मालकाला किमान १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मिळावा, असे २०१८ साली विमा नियामकाने ठरवले. परंतु नावाप्रमाणेच तो ‘मालक-चालका’साठी आहे. शेजारच्या आजारी माणसाला रात्री त्याच्याच गाडीतून पनवेलला पोहोचवणारा तरुण रस्त्यावरच्या इतरांसाठी विमाकवच घेऊन निघतो. स्वतःच्या जिवासाठी मात्र अनेकदा काहीच घेऊन निघत नाही.

१३/ म्हणून किल्ली हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : पॉलिसीची मुदत शिल्लक आहे का, ती पॅकेज आहे की केवळ थर्ड पार्टी, आपला परवाना त्या वर्गाच्या वाहनाचा आहे का, आणि खासगी गाडी भाड्याने तर नेली जात नाही ना. पाचवी गोष्ट स्वतःला विचारावी : माझा स्वतःचा अपघात विमा आहे का? १९३०च्या कायद्याने रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा विचार केला. उसनी गाडी चालवणाऱ्याला आपला विचार अजून स्वतःच करावा लागतो.