मोहफुलापासून ई-२० पर्यंत : आर्णीच्या रस्त्यावरील इंधनांचा इतिहास

१/ यवतमाळहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आर्णीतून जातो. या रस्त्यावरील पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलच्या दर पाच लिटरांत सुमारे एक लिटर इथेनॉल असते. जुन्या गाडीचे मायलेज का घटले, हा प्रश्न त्यामुळे सर्वत्र विचारला जातो. परंतु हा प्रश्न नवा नाही. त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक धागा पैनगंगेकाठच्या मोहाच्या झाडांशी जोडलेला आहे.

२/ प्रथम थोडे विज्ञान. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे ३२ मेगाज्यूल उष्मा मिळतो. एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१, म्हणजे साधारण दोन तृतीयांश. इथेनॉलचा एक गुण मात्र मोठा आहे. त्याचा ऑक्टेन अंक उच्च असल्याने ते अधिक दाब सहन करते आणि अवेळी पेट घेत नाही. अवेळी पेट घेणाऱ्या इंधनामुळे इंजिनात जी खडखड होते, तिला 'नॉकिंग' म्हणतात.

३/ आता भूगोल. आर्णी वऱ्हाडात आहे. येथून माहूरला जाताना पैनगंगा ओलांडावी लागते. ब्रिटिश काळात नदीच्या अलीकडे इंग्रजांचा कारभार होता, तर पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. जंगल मात्र दोन्ही तीरांवर एकच होते. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळत आणि कोलाम, गोंड, आंध कुटुंबे ती वेचून वाळवत. अन्न, गुरांचा खुराक आणि मद्य, असा त्यांचा तिहेरी उपयोग होता.

४/ पहिल्या महायुद्धात मोटारींची आणि पेट्रोलची मागणी एकदम वाढली. पेट्रोलला पर्याय शोधण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीने १९१९ साली अहवाल दिला. त्यात मोहफुलांची खास दखल होती. एक टन वाळलेल्या फुलांपासून सुमारे ९० गॅलन अल्कोहोल निघू शकते आणि स्थानिक मद्याची गरज भागवूनही हैदराबाद संस्थानातील झाडे वर्षाला सात लाख गॅलन प्रूफ स्पिरिट देऊ शकतील, असा तो हिशेब होता.

५/ तरीही मोटारीच्या टाकीपर्यंत मोह पोहोचला नाही. फुले जंगलभर विखुरलेली, हंगाम काही आठवड्यांचा आणि वेचणी हातांनी करायची. शिवाय मद्यावरील अबकारी कर हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते, त्यामुळे मोहाकडे संशयाने पाहिले जाई. मुंबई इलाख्यात तर १८९२ सालीच मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता. इंजिनासाठीचे अल्कोहोल स्वस्त हवे, करमुक्त हवे आणि कोणी पिऊ नये म्हणून विद्रूपही करायला हवे, अशी ती अडचण होती.

६/ त्याच सुमारास अमेरिकेत वेगळे वळण आले. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी नॉकिंग थांबते. अल्कोहोलही हेच काम करते, हे त्या प्रयोगशाळेला ठाऊक होते. पण त्यासाठी अल्कोहोल बरेच मिसळावे लागे आणि ते कोणालाही गाळता येई. शिशाच्या मिश्रणावर मात्र पेटंट घेता येत होते.

७/ शिशामुळे अधिक दाबाची इंजिने शक्य झाली आणि त्याच पेट्रोलात अधिक अंतर कापता येऊ लागले. मायलेज वाढवणारे हे खरेखुरे मिश्रण होते. पण त्याची किंमत आरोग्याने मोजली. १९२४ साली न्यू जर्सीतील एका प्रकल्पात शिशाच्या विषबाधेने कामगार दगावले. धोका ठाऊक असूनही शिसे जगभर पसरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले.

८/ दरम्यान, १९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर देशात साखर कारखाने झपाट्याने वाढले. महाराष्ट्रात वालचंदनगरसारखी केंद्रे याच दशकात उभी राहिली. कारखान्यांमागे मळीचे साठे साचू लागले. संयुक्त प्रांत व बिहार सरकारांच्या समितीने १९३८ साली त्या मळीपासून 'पॉवर अल्कोहोल' करण्याची शिफारस केली. मळी एकाच जागी आयती उपलब्ध होती. मोह मागे पडला आणि ऊस पुढे आला, तो येथे.

९/ मग दुसरे महायुद्ध आले. १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचे तेल बंद झाले. वऱ्हाडासह देशभरातील रस्त्यांवर तेव्हा कोळशाच्या गाड्या दिसू लागल्या. गाडीला जोडलेल्या उंच टाकीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला जाई. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गाळून इंजिनात सोडला जाई.

१०/ या गाड्यांनी युद्धकाळात वाहतूक चालू ठेवली, हे त्यांचे मोठे श्रेय. पण गाडी सुरू होण्याआधी क्लीनरला बराच वेळ पंखा फिरवावा लागे, इंजिनाची शक्ती पुष्कळ घटे आणि चढावर प्रवाशांना उतरावे लागे. वायू विषारी होता. शिवाय कोळशासाठी जंगल तुटत होते. पेट्रोल पुन्हा मिळू लागताच या टाक्या भंगारात गेल्या.

११/ स्वतंत्र भारताने १९४८ साली पॉवर अल्कोहोल कायदा केला. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची सक्ती करण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि अल्कोहोल मद्याकडे व रसायन उद्योगाकडे वळले. हा कायदा २००० साली रद्द झाला. शिसे गेले तेही त्याच वर्षी, आणि ऑक्टेन वाढवणाऱ्या दुसऱ्या घटकाची गरज निर्माण झाली.

१२/ २००१ साली इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांतील दोन महाराष्ट्रात होते : मिरज आणि मनमाड. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरले. लवकरच उसाचे उत्पादन घटले आणि मळी अपुरी पडली. २०१३-१४ मध्ये देशातील मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले.

१३/ या धोरणाचे लाभ खरे आहेत. तेल आयातीचा खर्च वाचतो आणि कारखान्यांना साखरेपलीकडचे उत्पन्न मिळते. मर्यादाही खऱ्या आहेत. ऊस कमी पडताच डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. १९४२ चा कोळसा जंगलावर अवलंबून होता. आजचे मिश्रण पावसावर अवलंबून आहे.

१४/ आणि मायलेज? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच उत्तर आहे. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत वीस टक्के मिश्रणाने कार्यक्षमता सहा ते सात टक्के घटू शकते, अशा दुचाकीत तीन ते चार टक्के. वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट एक ते दोन टक्क्यांवर येते. इथेनॉलच्या ऑक्टेनचा फायदा घेणारे इंजिन असेल तरच उष्म्यातील तूट काहीशी भरून निघते.

१५/ ब्राझीलने हे ओळखले होते. १९७५ साली तेथे अल्कोहोल योजना सुरू झाली आणि १९७९ साली केवळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. इंधनाबरोबर इंजिनही बदलले. भारतात मात्र इंधन आधी बदलले आणि आधीच रस्त्यावर असलेल्या कोट्यवधी गाड्या तशाच राहिल्या.

१६/ शिसे वगळता यांपैकी कोणतेही इंधन मायलेज वाढवण्यासाठी आलेले नव्हते. कोळसा आला तो युद्धामुळे. इथेनॉल आले ते मळी, आयात आणि उसाच्या हिशेबातून. फरक भरला तो गाडी चालवणाऱ्याने, कधी गाडी ढकलून, कधी जास्त लिटर भरून. मोहफुलांच्या साठवणुकीवरील निर्बंध महाराष्ट्राने २०२१ साली उठवले. आर्णीच्या पंपावरील फलकावर आज लिटरचा दर लिहिलेला असतो. त्या लिटरातून किती उष्मा मिळेल, हे तेथे लिहिलेले नसते.