शीतोष्ण-निवारण : विनयातील वास्तुविचार आणि हिमालयातील विहार

विहार हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे घुमट आणि कमान उभी राहते. विनयपिटकाचा भर मात्र आकारावर नसून प्रयोजनावर आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधून दिल्याची कथा चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात येते. त्या दानाचे अनुमोदन करताना तथागतांनी विहाराचे प्रयोजन सांगितले. त्यात आरंभीच थंडी आणि उष्णता यांचे निवारण येते. ध्यान आणि विपश्यना यांचा उल्लेख त्यानंतरचा आहे.

हा विचार अनुभवावर उभा होता. वैशालीच्या गोतमक चैत्यात, हिमपाताच्या दिवसांत, भगवान बुद्ध रात्रभर उघड्यावर बसले. प्रत्येक प्रहराअखेर थंडी वाढली तसे त्यांनी एकेक वस्त्र वाढवले आणि त्या अनुभवावरून भिक्खूंसाठी तीन चीवरांची मर्यादा ठरवली, असे महावग्ग सांगतो. त्यांपैकी संघाटी दुपदरी असावी, हेही तेथेच ठरले. शरीराला पुरेल इतकी ऊब, आणि त्याहून अधिक संग्रह नाही, हे ते माप होते.

हे माप सर्वत्र एकच ठेवले नाही. सोण कुटिकण्ण यांनी महाकच्चायनांचा निरोप आणला, तेव्हा अवंती-दक्षिणापथाच्या कठीण भूमीचा विचार करून सीमावर्ती प्रदेशांसाठी अनेकपदरी पादत्राणे, वारंवार स्नान आणि चामड्याची आसने यांना अनुमती मिळाली. वास्तूचेही तसेच. विहारांना जाळीच्या, कठड्याच्या आणि सळ्यांच्या खिडक्या, अग्निशाळा, आणि उष्ण स्नानगृहात, म्हणजे जंताघरात, धूर बाहेर नेणारी नळी. लहान जंताघरात अग्निस्थान एका बाजूस, मोठ्यात मध्यभागी, इतका बारकावा विनयात आहे.

धम्म हिमालयात पोहोचला तेव्हा याच दृष्टीची कसोटी लागली. स्पितीतील ताबो विहार इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला. त्याच्या भिंती जाड, मातीच्या आहेत. लडाखमध्ये लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे लाकूड दुर्मिळ, पाऊस अत्यल्प, पण ऊन मुबलक. म्हणून मातीच्या विटा, पॉपलरच्या तुळया, वर विलोच्या काठ्या आणि मातीचा थर, असे घर तेथे घडले. जाड भिंत दिवसाची उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते.

याच तत्त्वाला आधुनिक विज्ञानाची जोड मिळाली. दक्षिणेकडील गडद भिंतीपुढे थोडे अंतर सोडून काच बसवायची, ही रचना फ्रान्समधील फेलिक्स त्रोंब यांच्या नावाने ओळखली जाते. लेहजवळच्या शे येथील द्रुक पद्मा कार्पो शाळेत, जी २००१ साली सुरू झाली, वसतिगृहांना अशा भिंती आहेत. रात्री झोपणाऱ्या मुलांना त्यांची ऊब मिळते. वर्गखोल्यांची तोंडे मात्र आग्नेयेकडे वळवली आहेत, कारण वर्ग सकाळी भरतात आणि पहिले ऊन तेथेच हवे असते. इमारत कोणत्या वेळी, कोणासाठी वापरायची, यावरून तिची दिशा ठरली.

मुंबईत हाच प्रश्न उलटा आहे. बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरीच्या भिक्खूंना हिमाची भीती नव्हती. त्यांना उन्हाळा आणि मुसळधार पाऊस यांना तोंड द्यायचे होते. म्हणून तेथे खडकाचा गारवा, दर्शनी ओसरी आणि पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत. तेथून पश्चिमेस चारकोप. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने येथे लहान भूखंडांची वसाहत आखली. अशा वसाहतींतून विहार उभा राहतो तो श्रमिकांच्या वर्गणीतून. तापलेल्या स्लॅबखाली दिवसभर पंखे आणि दिवे चालवावे लागले, तर त्या वर्गणीचा वाटा ग्रंथालयाऐवजी वीजबिलात जातो.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री या नात्याने देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला. वीज ही त्यांच्या दृष्टीने माणसाची काबाडकष्टांतून सुटका करणारी शक्ती होती. ती जपून वापरणे हाही त्या विचाराचा आदरच आहे.

म्हणून विहार समित्यांनी घुमटाचा नकाशा काढण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. पश्चिमेचे ऊन कोणत्या भिंतीवर येते? वारा कोठून शिरतो आणि कोठून बाहेर पडतो? वंदना किती वाजता, अभ्यासिका किती वाजता? लडाखची भिंत चारकोपला आणायची नाही; ती भिंत ज्या विचाराने बांधली गेली, तो विचार आणायचा आहे.